शांतीचा शोध

दक्षिण भारतात भीषण दुष्काळ पडला होता. इ. स. १८७४ च्या सुमाराचे ते दिवस. एका गावातून एक तिरडी स्मशानाकडे निघाली होती. तिरडीला चार खांदे लागतात; पण मेलेली बाई परक्या मुलखातून आलेली, दरिद्री होती. गावातल्या दोन माणसांना दया आली, ते पुढे झाले. तिसरा तिचा मुलगा होता. चौथा माणूस काही मिळेना. तेव्हा त्या बाईची तरुण मुलगी पुढे आली. ती उंचीने लहान होती. तिचा खांदा तिरडीला पुरेना. म्हणून तिने तो भार डोक्यावर घेतला आणि स्मशानापर्यंतची सुमारे तीन मैलांची वाट ती चालून गेली.

ही मुलगी म्हणजेच पुढे साऱ्या देशात प्रसिद्ध झालेल्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. कर्नाटकातील गंगामूळ नावाच्या डोंगरावर, दाट अरण्यात त्यांच्या वडिलांचा आश्रम होता. त्यांचे नाव अनंतशास्त्री डोंगरे. ते संस्कृतचे मोठे विद्वान होते. त्या काळी स्त्रियांना शिकवणे लोकांना मान्य नव्हते. संस्कृत शिकवणे तर फारच दूर. तरीही अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्याबद्दल त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. पण त्यांनी आपला निश्चय सोडला नाही.

रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब आश्रम सोडून तीर्थयात्रेला निघाले. लहानग्या रमेला वेताच्या पेटीत ठेवून ती पेटी एका गड्याच्या डोक्यावर देण्यात आली. तेव्हापासून रमाबाईंचा प्रवास सुरू झाला. त्यांची शाळा म्हणजे त्यांची आई. घरची कामे सुरू होण्यापूर्वी, पहाटेच्या वेळी आई त्यांना जवळ घेऊन श्लोक शिकवी. बारा वर्षांच्या होईपर्यंत रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक पाठ झाले होते. हे कुटुंब गावोगावी देवळात पुराण सांगत असे. लोक जे देत त्यावर त्यांचा निर्वाह चाले.

पुढे दुष्काळ आला. अन्न महाग झाले. पुराण ऐकायला लोक येईनात. अनंतशास्त्री आता वृद्ध झाले होते. त्यांची दृष्टीही गेली होती. घरातील पैसा संपला, दागिने संपले, भांडीकुंडीही विकली गेली. या कुटुंबाने व्रते केली, उपवास केले, तीर्थांत स्नाने केली, होते नव्हते ते दानही केले. परंतु संकट टळले नाही. अखेर तांदळाचा शेवटचा दाणाही संपला. तेव्हा तिरुपतीजवळच्या अरण्यात जाऊन सर्वांनी मरणाला सामोरे जावे, असे ठरले. अकरा दिवस पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढले. शेवटी भावाने मजुरी करून सर्वांना जगवण्याचे ठरवले आणि ते अरण्यातून बाहेर पडले. पण वडील फार अशक्त झाले होते. थोड्याच दिवसांत एका पडक्या देवळात त्यांनी प्राण सोडला. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या लाडक्या धाकट्या मुलीला छातीशी धरले आणि नेहमी प्रामाणिकपणे वागून ईश्वराची सेवा करण्यास सांगितले.

काही महिन्यांनी आईही तापाने आजारी पडली. तिला काहीतरी खाऊ घालावे म्हणून रमाबाई शेजारणीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पण भीक मागायला तोंडातून शब्द फुटेना. शेजारणीच्या ते लक्षात आले आणि तिने भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन त्या धावत आल्या. पण आईला आता तो खाताही येईना. नंतर आई गेली. तिच्याच तिरडीची हकिगत आरंभी सांगितली आहे. त्यानंतर मोठी बहीण पटकीच्या साथीत वारली. श्रीनिवास हा भाऊ आणि रमाबाई, दोघेच उरले.

ही भावंडे हजारो मैल पायी हिंडली. अंगावर पुरेसे कपडे नव्हते. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी पडली, तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले आणि त्यांत निजून गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली. या भटकंतीत त्यांनी देशातील स्त्रियांची, विशेषतः बालविधवांची स्थिती डोळ्यांनी पाहिली. मनात एक प्रश्नही सारखा घर करून राहिला. शास्त्रात सांगितलेले सर्व काही आपल्या कुटुंबाने केले, तरी असे का व्हावे? लहानपणापासूनची श्रद्धा हळूहळू डळमळू लागली.

इ. स. १८७८ मध्ये ही भावंडे कोलकात्याला पोहोचली. तेथील विद्वान रमाबाईंचे संस्कृत ऐकून थक्क झाले. त्यांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या या मुलीचे नाव देशभर झाले. सभांमध्ये त्या स्त्रीशिक्षणावर व्याख्याने देऊ लागल्या. कोलकात्याला त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचले. अनेक बाबतींत या ग्रंथांचे एकमत नाही. मात्र स्त्रीला कमी लेखण्यात बहुतेकांचे एकमत आहे, असे त्यांना दिसून आले. त्यांचे मन अधिकच अस्वस्थ झाले. लोक त्यांच्या विद्वत्तेची वाहवा करत होते. पण आत शांती नव्हती.

इ. स. १८८० मध्ये श्रीनिवास आजारी पडून वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते दुसऱ्या जातीचे होते. त्या काळी ही फार धाडसाची गोष्ट होती. आसाममधील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. इ. स. १८८१ मध्ये त्यांना मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा. सिल्चरच्या घरात पतीच्या पुस्तकांत त्यांना एक छोटे बंगाली पुस्तक सापडले. ते लूक याने लिहिलेले शुभवर्तमान, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा एक भाग होते. रमाबाईंना ते आवडले. पण सुखाचे हे दिवस लवकरच सरले. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबिहारी पटकीने वारले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरी दहा महिन्यांची मुलगी होती.

दुःख करत बसणे रमाबाईंच्या स्वभावात नव्हते. त्या पुण्याला आल्या. तेथे त्यांनी 'आर्य महिला समाज' स्थापन केला. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींना शिकवण्यासाठी शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांवर उपचार करण्यासाठी स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी आग्रहाने सांगितले. स्वतः डॉक्टर व्हावे अशीही त्यांची इच्छा होती. त्यासाठी इ. स. १८८३ मध्ये, छोट्या मनोरमेला घेऊन, त्या इंग्लंडला गेल्या. पण त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. या बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याचा विचार सोडून द्यावा लागला. आणखी एक दार बंद झाले.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहत होत्या. एकदा या भगिनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे घेऊन गेल्या. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी तेथे एक आश्रम होता. त्या स्त्रियांना कोणी हिणवत नव्हते. भगिनी त्यांची सेवा आपलेपणाने करत होत्या. रमाबाईंना फार आश्चर्य वाटले. अशा स्त्रियांवर कोणी प्रेम करते, हे त्या प्रथमच पाहत होत्या. या प्रेमामागचे कारण त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची भेट झाल्याची गोष्ट वाचून दाखवली. सर्वांनी दूर ठेवलेल्या त्या स्त्रीशी ख्रिस्त विहिरीजवळ बसून आदराने बोलला होता. ती गोष्ट रमाबाईंच्या मनाला भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

या बातमीने महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. अनेकांनी त्यांच्यावर टीका केली. जोतीराव फुले यांच्यासारख्या काहींनी त्यांची बाजू घेतली. रमाबाई मात्र कोणाच्या दडपणाखाली वागणाऱ्या नव्हत्या. ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही त्या धर्माच्या प्रश्नांवर निर्भयपणे वाद घालत. पटल्याशिवाय कोणतीही गोष्ट मानायची नाही, हा त्यांचा बाणा होता. परदेशातही त्यांनी आपला भारतीय पोशाख आणि शाकाहार सोडला नाही.

इ. स. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला त्या हजर होत्या. अमेरिकेत ठिकठिकाणी त्यांनी व्याख्याने दिली, हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि बालविधवांच्या शाळेसाठी मदत मिळवली. पुढे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले. दुसऱ्या वर्षी ते पुण्याला हलवण्यात आले. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या आनंदीबाई कर्वे या शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत.

बाहेरून पाहता रमाबाईंनी पुष्कळ मिळवले होते. परंतु दीक्षा घेऊन आठ वर्षे होत आली, तरी त्यांच्या मनाला समाधान नव्हते. त्यांनी स्वतःलाच कठोरपणे तपासले. तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की आपण एक नवा धर्म स्वीकारला खरा. त्याची तत्त्वे बुद्धीने तपासली, पटली म्हणून मानली. पण ज्याच्या नावाने तो धर्म ओळखला जातो, त्या ख्रिस्तावर मनापासून विश्वास टाकला नाही. लहानपणी व्रते आणि दाने करून पुण्य जोडायचे, तसे आताही चांगली कामे करून आपण शांती मिळवू पाहत आहोत. शांती अशी कमावता येत नाही. देवाची क्षमा ही देणगी आहे, ती हात पुढे करून घ्यायची असते, असे त्यांना इ. स. १८९१ च्या सुमारास उमगले. मग एके दिवशी त्यांनी आपले सर्व ओझे, आपली दुःखे, आपले अपराध आणि आपला अभिमान देवापुढे ठेवला. त्यानंतर त्यांच्या मनाला अशी शांती लाभली, की ती पुढे कधी ढळली नाही, असे त्यांनी आपल्या आत्मकथनात नमूद केले आहे.

ही शांती खरी होती की नाही, याची परीक्षा लवकरच झाली. रमाबाई पहाटे प्रार्थना करत, तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन त्यांच्याजवळ येऊन बसू लागल्या. शारदा सदनात कोणाच्याही धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असे आश्वासन दिलेले होते. त्यामुळे या गोष्टीवरून पुण्यात मोठा वाद माजला. वर्तमानपत्रांतून कडक टीका झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळात होते. इ. स. १८९३ मध्ये त्यांनीही राजीनामे दिले. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. आपण कोणावर सक्ती केली नाही. पण आपली प्रार्थना लपवूनही ठेवणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. इतके मित्र दुरावले, तरी त्या खचल्या नाहीत. उरलेल्या मुलींना घेऊन त्यांनी काम चालू ठेवले.

इ. स. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ती बातमी ऐकताच रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. अरण्यातले ते अकरा दिवस, पडक्या देवळातले वडील, भाकरीचा तो तुकडा, सारे डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या लगेच दुष्काळी भागात गेल्या. रस्त्यांवर, झाडांखाली, निराधार छावण्यांत हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांना दिसल्या. अशा सुमारे तीनशे मुलींना त्यांनी वाचवून आणले. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. इतक्या मुलींना तेथे ठेवणे शक्य नव्हते. पुण्याजवळ केडगाव येथे रमाबाईंनी शेतजमीन घेऊन ठेवली होती. तेथे त्या मुलींना आणले. आरंभी राहुट्या आणि झोपड्या उभारल्या. मग विहिरी खणल्या, घरे बांधली. या वसाहतीचे नाव ठेवले 'मुक्ती'.

इ. स. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही मुली आल्या. मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. कोणी अनाथ होत्या, कोणी विधवा, कोणी आंधळ्या, कोणी फसवल्या गेलेल्या. फुलहॅम येथे पाहिलेला आश्रम रमाबाई विसरल्या नव्हत्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी 'कृपा सदन' काढले. आंधळ्यांसाठीही वेगळी सोय केली. मुक्तीत कोणी रिकामे बसत नसे. शेती, गाई, विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, छापखाना अशी सर्व कामे स्त्रिया शिकत आणि स्वतः करत. इतक्या माणसांच्या जेवणाची ठरावीक अशी तरतूद नव्हती. कधी कोठारात धान्य कमी पडे. रमाबाई प्रार्थना करत आणि शांतपणे कामाला लागत. ज्याने येथपर्यंत आणले तो पुढेही नेईल, असा त्यांचा विश्वास होता.

म्हातारपणी त्यांनी आणखी एक मोठे काम हाती घेतले. बायबलचे मराठी भाषांतर खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही समजावे, असे त्यांना वाटे. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. पंधरा वर्षांहून अधिक काळ त्या हे भाषांतर करत होत्या. मुक्तीच्या छापखान्यात तेथील मुलीच त्याचे खिळे जुळवत. आता रमाबाईंना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. पण लेखणी थांबली नाही. इ. स. १९१९ मध्ये सरकारने त्यांना 'कैसर-ए-हिंद' हे सुवर्णपदक दिले. त्या मात्र नेहमीच्या साध्या पांढऱ्या वस्त्रांत, आपल्या मुलींमध्येच राहिल्या.

मनोरमा आता त्यांचा उजवा हात झाली होती. इंग्लंड-अमेरिकेत शिकून परत आल्यावर तिने शाळेचा कारभार सांभाळला होता. निजामाच्या हैदराबाद राज्यातील गुलबर्गा येथेही मुक्तीच्या वतीने शाळा निघाली होती. आपल्यामागे हे सर्व मनोरमा चालवील, अशी रमाबाईंची आशा होती. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमेचे निधन झाले. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. रमाबाईंच्या आयुष्यातले शेवटचे माणूसही गेले.

सोळाव्या वर्षी आईवडिलांच्या मृत्यूने ज्या मनातील श्रद्धा डळमळली होती, ते मन त्रेसष्टाव्या वर्षी या आघाताने कोसळले नाही. रमाबाईंना दुःख झाले नाही असे नाही. आईचे काळीजच ते. पण त्यांनी देवाला दोष दिला नाही आणि कामही थांबवले नाही. मनोरमेच्या जागी दुसऱ्या व्यक्तीची योजना करून त्यांनी मुक्तीचा कारभार मार्गी लावला आणि भाषांतराची छापील पाने तपासण्याचे काम पुन्हा हाती घेतले. प्रकृती ढासळत होती. तरी अखेरच्या दिवसांपर्यंत त्या ती पाने तपासत होत्या. काम पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी शांतपणे जगाचा निरोप घेतला. त्यांचे बायबल पुढे इ. स. १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रमाबाईंच्या जीवनात शांती आली ती संकटे संपली म्हणून नव्हे. संकटे तर शेवटपर्यंत आली. श्रद्धेमुळे त्यांचे दुःख नाहीसे झाले नाही. पण त्या दुःखाने त्यांना कडवटही केले नाही. स्वतः भुकेने तडफडलेल्या त्या मुलीने हजारो भुकेल्या मुलींना घास दिला. आईच्या तिरडीला चौथा खांदा मिळाला नव्हता, तिनेच पुढे ज्यांना कोणी नाही अशांचे ओझे आपल्या डोक्यावर घेतले. केडगावची 'मुक्ती' आजही निराधार स्त्रियांना आणि मुलांना आसरा देत उभी आहे.